जागतिक विक्रम करूनही कांस्यच? (पॅरिस २०२४, पुरुष स्पीड क्लाइंबिंग)

वानरलिंगी_वेडा:
पॅरिस ऑलिंपिकच्या स्पीड क्लाइंबिंगचं (दोघं शेजारी-शेजारी भिंत चढतात, आधी वर पोचेल तो जिंकतो) रेकॉर्डिंग बघत होतो. ८ ऑगस्ट २०२४, ल बूर्जे. निकाल बघून डोकं फिरलं. इंडोनेशियाचा वेद्रिक लिओनार्दो ४.७५ सेकंद, सुवर्ण. चीनचा वू पेंग ४.७७, रौप्य. अमेरिकेचा सॅम वॉटसन ४.७४, जागतिक विक्रम, आणि गळ्यात कांस्य! सगळ्यात वेगाने चढला तोच तिसरा? शंभर मीटर धावण्यात खपवून घेतलं असतं का कुणी?
दुसरं म्हणजे, भिंत दर वेळी तीच, होल्ड (भिंतीवरच्या पकडी) तेच. आपण सह्याद्रीत कातळ वाचत चढणारी माणसं. मला तर हे निव्वळ पाठांतर वाटलं. कुणी समजावेल का? टोमणे नकोत.

खडकवासलेकर:
बाद फेरी आहे रे. फायनलला पोचलास तरच सोनं-चांदी. वॉटसन सेमीत हरला, विषय संपला.

दोरकाका:
विषय संपला कसा? खरी गंमत तर सेमीतच आहे.

वानरलिंगी, वॉटसनसाठी हळहळू नकोस. हळहळायचंच तर इराणच्या रेझा अलीपूरसाठी. उपांत्य फेरीचे आकडे काढ. एका शर्यतीत लिओनार्दो ४.७८, अलीपूर ४.८४. दुसरीत वू पेंग ४.८५, वॉटसन ४.९३. म्हणजे अलीपूर वू पेंगपेक्षा एक शतांश सेकंद आधी वर पोचला होता, पण फायनलला गेला वू पेंग! मग कांस्यासाठी अलीपूर उभा राहिला, तर शेजारच्या लेनमध्ये वॉटसनने विक्रमच ठोकला. अलीपूर ४.८८, चौथा, हात रिकामे. २०१७ साली नानजिंगला ५.४८ चा विक्रम याच गड्याने केला होता आणि तो चार वर्षं कुणाला मोडता आला नव्हता.

धावण्याशी तुलना इथे बसत नाही. तिथे आठ जण एकदम सुटतात. इथे भिंतीवर दोघंच, आणि आधीच्या फेरीतली वेळ पुढे नेता येत नाही. ६ ऑगस्टला मानांकनाच्या फेरीत वॉटसनने ४.७५ काढून विक्रम केलाच होता. पण त्या फेरीतून फक्त कोण कोणासमोर हे ठरतं. मग चौदा जणांच्या सात जोड्या. सात विजेते आणि हरलेल्यांतला सगळ्यात वेगवान एक, असे आठ पुढे. त्यानंतर मात्र हरलास की सोन्याची वाट बंद.

वानरलिंगी_वेडा:
काका, हे कळलं. पण मग वॉटसनने सेमीतच ४.७४ का नाही काढले?

दोरकाका:
हवे तेव्हा खिशातून काढता येत नाहीत ना ते! पूर्ण वेगात जाताना पाय बघायला वेळच नसतो. जरा घसरला की तेवढ्यात शेजारचा वर. तिसऱ्या बीपला सुटायचं. बीपनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललास तर फाउल, थेट बाहेर. त्यामुळे दर शर्यतीत किती धोका पत्करायचा याचा अंदाज बांधावा लागतो. माझ्या मते कांस्याच्या शर्यतीत वॉटसन मोकळा सुटला, कारण सोनं आधीच गेलं होतं. आमच्या वॉलवरची पोरं एकटी असली की भन्नाट वेळ देतात. शेजारी कुणी उभं केलं की दुसऱ्याच होल्डवर पाय सटकतो, आणि वर मलाच म्हणतात, काका, होल्ड पुसला नव्हता.

आता तुझं पाठांतर. भिंत पंधरा मीटर, पाच अंश पुढे झुकलेली, दोन्ही लेन हुबेहूब. हाताचे वीस होल्ड, पायाचे अकरा, जगभर त्याच जागी. तसं नसतं तर नानजिंगची वेळ पॅरिसच्या वेळेशी लावून बघता आली असती का? आणि पाठ झालं म्हणजे संपलं असंही नाही. त्याच होल्डवर २०१७ ते २०२४ मध्ये ५.४८ चे ४.७४ झाले. खालच्या भागात रूट, म्हणजे चढायचा मार्ग, डावीकडे वळायचा. जपानच्या टोमोआ नारासाकीने तो डावीकडचा होल्ड सोडून सरळ वर जायला सुरुवात केली, आणि मग मुरलेले स्पीडवालेही तसंच करू लागले. नारासाकी मुळात बोल्डरिंगवाला, म्हणजे बुटक्या भिंतीवर दोराशिवाय, दर वेळी नवा मार्ग वाचत चढणारा! टोकियोत स्पीड, बोल्डर आणि लीड (दोर अडकवत उंच चढणं) असे तिन्ही प्रकार मिळून एकच पदक होतं, म्हणून त्याला स्पीड शिकावं लागलं. कातळ वाचणारा माणूसच तिथे कामाला आला बघ.
बाकी बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळणं) मशीन देतं, म्हणजे माझी नोकरी गेली. ती तक्रार वेगळी.

जकार्ताकर_जोशी:
इथे लिओनार्दोचं कौतुक वेळेमुळे नाही, बॅडमिंटनमुळे झालं. तोवर इंडोनेशियाची ऑलिंपिकमधली सगळी सुवर्णं बॅडमिंटनची. पोंतियानाकच्या या पोराने ती परंपरा मोडली. त्याच दिवशी रिझकी जुनियान्स्याहने वेटलिफ्टिंगमध्ये ७३ किलो गटात आणखी एक आणलं. आणि पाच सेकंदांच्या आत चढणारा पहिला माणूसही लिओनार्दोच, २०२३ ला सोलमध्ये, ४.९०. तेव्हा सोनं भलत्याच्या गळ्यात पडलं असं म्हणू नका.

वानरलिंगी_वेडा:
भलत्याच्या म्हणत नाही हो. पण सेमीतले दोन वेगवान फायनलला, असा नियम केला तर? निदान अलीपूर तरी गेला असता.

दोरकाका:
मग शेजारच्याला हरवण्यात काय उरलं? जिंकूनही बाहेर जाशील. वू पेंगने वॉटसनला सरळ हरवलं होतं, त्याला काय सांगणार? मला आहे तोच नियम बरा वाटतो, अलीपूरचं वाईट वाटत असूनही.
लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये स्पीड, बोल्डर आणि लीड, तिन्हींना वेगळी पदकं आहेत. तोवर ती सेमी हळू करून परत बघ. हात नको बघूस, पाय बघ.