आरटीएक्स ३०६० साठी एसएमपीएस कोणता घ्यावा? (ठाणे, बजेट पाच हजारांपर्यंत)

रात्रपाळी, कासारवडवली

नमस्कार मंडळी. घरचा पीसी असा आहे: आय५-१०४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड. ऑफिसातला एक मित्र त्याचं आरटीएक्स ३०६० १२ जीबी विकतोय, भाव बरा आहे, म्हणून घ्यायचं ठरवलंय. अडलंय ते एसएमपीएसपाशी, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी. माझा एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेलाच आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट छापलंय आणि आजवर काही त्रास नाही. पण कार्डासाठी ८ पिनची वायर त्यात नाही. स्टेशनजवळचा एक दुकानदार म्हणतो, "कन्व्हर्टर लावून देतो, चालून जाईल." दुसरा म्हणतो, थेट ७५० वॉटचा घ्या. फार ताणलं तर पाच हजार काढू शकतो. कोणाचं ऐकू?

सोल्डर, वागळे इस्टेट

अजून कोणाचंच ऐकू नका. कॅबिनेटची बाजू उघडा, एसएमपीएसच्या स्टिकरवरचा तक्ता बघा आणि +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिलेत ते इथे टाका. ४५० हा आकडा तूर्त बाजूला ठेवा.

रात्रपाळी

+३.३ ला २० ए, +५ ला १८ ए, +१२ ला १६ ए.

सोल्डर

झालं तर मग. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे तुमच्या कामाचा एसएमपीएस १९२ वॉटचा आहे. ३.३ आणि ५ व्होल्टच्या वॉटना आजच्या पीसीत फारसं काम नाही.

आजवर त्रास का झाला नाही, तेही सांगतो. १६५० हे ७५ वॉटचं कार्ड, बहुतेक मॉडेलं सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच घेतात. १०४००एफ गेममध्ये साधारण ६५ च्या आसपास राहतो. म्हणजे मेळ कसाबसा बसत होता. ३०६० चे एकट्याचेच १७० वॉट. प्रोसेसर जोरात आला की इंटेलच्याच मर्यादेप्रमाणे थोडा वेळ १३४ पर्यंत जातो. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे ह्यांचे ४०-५० धरा. बेरीज साडेतीनशेच्या घरात गेली. शिवाय ३००० सिरीजची कार्डं काही मिलिसेकंदांसाठी ठरलेल्या वॉटच्या बरीच वर उडी मारतात. कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया ह्या कार्डाला ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते ते त्यासाठीच.

आता कन्व्हर्टर. हे अगदी कळकळीने सांगतोय, तो लावू नका. ८ पिनच्या प्लगमधून १५० वॉटपर्यंत वीज जाणं अपेक्षित असतं आणि कन्व्हर्टर ती हार्ड डिस्कसाठी दिलेल्या दोन मोलेक्स प्लगांतून ओढतो. स्वस्त एसएमपीएसमध्ये ते दोन्ही प्लग बहुधा एकाच बारीक वायरीवर ओवलेले असतात. दुरुस्तीला आलेला असा एक प्लग आत्ता टेबलावर आहे. चारपैकी फक्त पिवळ्या वायरीची पिन तपकिरी झालीय, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक वितळून पिनेलाच चिकटलंय आणि वायरीचं आवरण बोटभर मागपर्यंत कडक झालंय. बाकी तीन पिना नव्यासारख्या. ही आगीची सुरुवात आहे, आणि घरात माणसं झोपलेली असताना गेम डाउनलोडला लावून ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

वाशीवाला

सोल्डरदादांशी सहमत. ७५० ची मात्र काही गरज नाही. ह्या सेटअपला चांगल्या कंपनीचा ५५० पुरून उरतो. पाच हजारांच्या आसपास कॉर्सेअर सीएक्स५५०, कूलर मास्टर एमडब्ल्यूई ५५० ब्रॉन्झ व्ही२, डीपकूल पीके५५०डी, एमएसआय एमएजी ए५५०बीएन ह्यांपैकी त्या आठवड्यात जो स्वस्त मिळेल तो उचला. चारही ८० प्लस ब्रॉन्झ आहेत (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का, गोल्ड त्याच्या वरचा). कॉर्सेअरचाच सीव्ही५५० थोडा स्वस्त दिसेल, पण त्याला वॉरंटी ३ वर्षं आणि सीएक्सला ५. तेवढ्या फरकासाठी मी सीएक्सच घेईन. पुढे कार्ड बदलायचा विचार पक्का असेल तरच ६५० बघा.

गोल्डच्या मागे लागू नका. हिशोब करून बघा: ३५० वॉटच्या लोडला ब्रॉन्झ ८५ टक्के धरला तर भिंतीतून साधारण ४१२ वॉट घेतो, गोल्ड ९० टक्के धरला तर ३८९. फरक २३ वॉटचा. रोज चार तास खेळलात तरी महिन्याला पावणेतीन युनिट.

सोल्डर

ह्याला जोडून एक गोष्ट. ब्रॉन्झ, गोल्ड हे शिक्के फक्त वीज किती वाया जाते ते मोजतात. लोड वाढल्यावर एसएमपीएस वेळेवर बंद होतो की नाही, हे त्यातून कळत नाही. २०२१ मध्ये गिगाबाइटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम ह्या मॉडेलांचा मोठा गाजावाजा झाला होता. दोन्ही गोल्ड. परीक्षणं करणाऱ्यांच्या टेबलावर ते स्फोट होऊन गेले. नंतर कंपनीने ओव्हर पॉवर प्रोटेक्शनची (लोड फार वाढला की आपोआप बंद होण्याची) मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० वर आणली आणि जुने युनिट बदलून द्यायची सोय केली. म्हणून निव्वळ शिक्का बघून घेऊ नका. त्याच मॉडेलचं एखादं नीट परीक्षण वाचा, ज्यात तो उघडून, लोड देऊन तपासलेला असेल.

तीन फेज, नौपाडा

एसएमपीएसवर सगळे बोलले, भिंतीतल्या सॉकेटवर कोणीच नाही! आमच्याकडच्या जुन्या इमारतींत तीन पिनचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची वायर मागे आलेलीच नसते. अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावल्यावर चुणचुण होत असेल तर तेच कारण. एसएमपीएसच्या इनपुटला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर २३० च्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी कमी असतो, पण एसएमपीएसमध्ये खरोखर बिघाड झाला तर वाचवणारी वायरच नाही.

वायरमनला बोलवा, मीटर लावून फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल दोन्ही मोजायला सांगा. आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. आणि सॉकेट उघडून बघा. काही जण न्यूट्रलवरूनच अर्थच्या पिनेला तुकडा जोडून मोकळे होतात, मीटरवर सगळं छान दिसतं. न्यूट्रल कुठे सुटला तर अख्ख्या कॅबिनेटवर फेज येतो. असा तुकडा दिसला तर त्याच दिवशी काढून घ्या.

यूपीएस आहे का?

रात्रपाळी

आमची इमारत नवी आहे, चुणचुण कधी जाणवली नाही, तरी तपासून घेतो. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. पावसाळ्यात लाइट जाते म्हणून घेतला होता.

तीन फेज

६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. वर वाशीवाल्यांनी ४१२ काढलेत. गेम चालू असताना लाइट गेली तर ओव्हरलोड होऊन यूपीएस तिथेच बंद पडेल. आत्ता बजेट नसेल तर हरकत नाही, फक्त जोराचा पाऊस-वारा असताना मोठे गेम नकोत. पुढे १००० व्हीए, ६०० वॉटचा बघा.

ऐरोली नाका

धागा वाचून विचारतो. माझ्याकडे ऑफिसमधून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवर पीसी आहे, एसएमपीएस २९० वॉटचा. त्यात हेच कार्ड आणि ५५० चा एसएमपीएस चालेल?

सोल्डर

नाही. त्याच्या मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनचा प्लग नसून डेलचा स्वतःचा ८ पिनचा आहे. २४ ते ८ पिनचा अडॅप्टर मिळतो, पण आधी विचार करा, एवढ्या जुन्या प्रोसेसरवर किती खर्च करायचा. तुम्हाला १६५० चं वेगळी वायर न लागणारं मॉडेल जास्त योग्य. आहे तो एसएमपीएस तसाच राहील.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. एमएसआयचा ए५५०बीएन बजेटात मिळतोय, तोच घेतो. पक्कं बिल देतोय, वॉरंटीसाठी ते लागेलच. शेवटचं विचारतो: जुना एसएमपीएस उघडून, धूळ काढून धाकट्या भावाच्या पीसीला लावू का?

सोल्डर

भावाच्या पीसीत ग्राफिक कार्ड नसेल तर लावा, पण उघडू नका. आतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर चार्ज होतो आणि प्लग काढल्यानंतरही तो चार्ज टिकून राहू शकतो. बाहेरूनच ब्लोअर मारा, पंख्याचं पातं काडीने अडवून धरा म्हणजे तो गरगर फिरणार नाही. आणि नवा बसवताना प्रोसेसरची ४+४ पिनची वायर कार्डात घालायचा प्रयत्न करू नका. कार्डाची ६+२ असते, तिच्यावर पीसीआय-ई लिहिलेलं असतं.