मदत हवी: देवणी जातीच्या कालवडींच्या रक्तात युरिया जास्त, साखर कमी. पेंड बंद करू का?

उदगीर_शिवार: कडब्यावरच्या कालवडी माजावर येईनात म्हणून रक्त तपासलं. युरिया ४४, ग्लुकोज ३१, फॉस्फरस ३.४. सरकी पेंड चालू आहे तरी हे असं. पेंड बंद करू का वाढवू, एवढंच सांगा. आजच ठरवायचंय.

पशुवैद्य_नांदेड: वय, वजन? पेंड किती, कधी? रक्त किती वाजता काढलं, कोणत्या झाकणाच्या नळीत? रिपोर्टवर ब्लड युरिया आहे का बीयूएन (युरियातलं फक्त नायट्रोजन)? दोन्हींत २.१४ पटीचा फरक असतो.

गोठा_लातूर: साखर कमी म्हणजे ताकद कमी. बायपास फॅट (पहिल्या पोटात न विरघळता पुढं जाणारी चरबी) १०० ग्रॅम सुरू करा, रिझल्ट येतोच.

पशुवैद्य_नांदेड: फॅटनं साखर वाढत नाही भाऊ. रवंथ करणाऱ्या जनावराचं यकृत ग्लुकोज बनवतं ते मुख्यतः प्रोपिओनिक आम्लापासून. त्यासाठी मका किंवा ज्वारीचा भरडा लागतो.

उदगीर_शिवार: अडीच वर्षं, दोनशे किलोच्या आसपास. पेंड दीड किलो सकाळी आठला एकदाच, रक्त अकराला. ब्लड युरिया लिहिलंय. लाल झाकण, लॅबला संध्याकाळी पोचलं. कडब्यावर थोडा युरिया पण शिंपडतो. पण पेंडीचं काय?

औसा_शेती: युरिया कशाला? घरचं सोयाबीन भरडून घाला, पेंडीपेक्षा प्रथिनं जास्त.

पशुवैद्य_नांदेड: कच्चं सोयाबीन आणि युरिया एकत्र अजिबात नको! सोयाबीनमधलं युरिएज हे विकर (एन्झाइम) युरियाचा झपाट्यानं अमोनिया करतं. जनावर फुगतं, थरथरतं, दगावतं.

आता रिपोर्ट. ४४ म्हणजे बीयूएन साधारण २०.६. खुराकानंतर तीन तासांनी रक्त काढलं की तो चढलेलाच दिसणार, त्यात वरून युरिया. साखरेचा आकडा धरू नका: लाल नळीत गुठळीतल्या पेशी ती वापरत राहतात. फॉस्फरस मात्र उशीर झाला तर वाढतो, म्हणून ३.४ ही कमतरता खरी धरा.

मुरघास_परभणी: मुरघास करा, सगळं सुटेल. कुट्टी मशीन कोणती आहे तुमच्याकडे?

उदगीर_शिवार: मशीन नंतर बघू. पेंड??

पशुवैद्य_नांदेड: चालू ठेवा, पण एक किलो, दोन वेळा विभागून. नुसत्या कडब्यात प्रथिनं चार टक्क्यांच्या आसपास, पोटातल्या जिवाणूंना सात-आठ तरी लागतात. पेंड तोडली तर कडबाही कमी खातील. शिंपडलेला युरिया बंद. सोबत मका भरडा अर्धा किलो, गव्हाचा कोंडा पाव किलो (फॉस्फरससाठी), क्षार मिश्रण ३० ग्रॅम. भरडा हळूहळू वाढवा, नाहीतर पोट आंबतं.

तीन आठवड्यांनी सकाळी खुराकाआधी रक्त काढा: साखरेला करड्या झाकणाची फ्लोराइड नळी, बाकीला लाल, सीरम (गुठळीवरचं पाणी) तासाभरात वेगळं.

गोठा_लातूर: युरिया वाईट नाही. शंभर किलो वैरणीला चार किलो, पन्नास लिटर पाण्यात, हवाबंद २१ दिवस. शिंपडून लगेच देणं वाईट.

पशुवैद्य_नांदेड: हे बरोबर. पण मग पेंड अजून कमी करा. आणि दादा, डॉक्टरांकडून गर्भाशय-अंडाशय तपासून घ्या. कालवड तयार गाईच्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास नसेल तर सहसा माज येत नाही. टेपनं छातीचा घेर मोजून त्यावरून येणारं वजन टाका इथं.