मदत हवी आहे: माशांच्या टाकीला भोक न पाडता संप, पण सायफन तुटतोय

टिळकवाडी, बेळगाव. चार बाय दीड बाय दीड फुटी टाकी, मासे आत, म्हणून काचेला भोक पाडायचं नाही. खाली संप, म्हणजे फिल्टर आणि पंपाची दुसरी टाकी, जोडलाय (अंगणातला नव्हे!). वरून २५ मिमीच्या यू-ट्यूबचा ओव्हरफ्लो: काचेच्या आत एक डबा, बाहेर एक, आणि काठावरून सायफनने पाणी नेणारी उलट्या यू आकाराची नळी. लाईट गेली तरी दोन्ही डब्यांत पाणी राहून नळीची दोन्ही तोंडं बुडालेली राहतात. पंप वर तासाला साधारण १२०० लिटर देतो.

पुराचा (पाणी घरात सांडण्याचा) हिशोब झालाय. पंपाच्या कप्प्यात उपसण्याजोगं पाणी ११ लिटर, वर एक इंच मोकळी जागा म्हणजे १४ लिटर. ओव्हरफ्लो बंद करून पाहिलं: पाणी पाऊण इंच चढलं, पंप कोरडा पडला. पंपाचं पाणी वर आणणाऱ्या रिटर्न नळीला पाण्याच्या पातळीलगत ३ मिमीचं छिद्र आहे, लाईट गेल्यावर टाकीतलं पाणी उलटं खाली ओढलं जाऊ नये म्हणून. शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला टोचावं लागतं.

अडचण वेगळीच. चार-पाचदा लाईट गेली-आली की यू-ट्यूबच्या माथ्यावर लिंबाएवढा बुडबुडा साठतो आणि सायफन सुरूच होत नाही. तोंडाने ओढून होतं, पण आम्ही घरी नसलो तर? पंप इन्व्हर्टरवर टाकायचा नाही. फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार पंप बंद करणारा) लावेन, पण त्याने बुडबुडा जात नाही.

वेग वाढून हवा वाहून जावी म्हणून २० मिमीची नळी घालू, की माथ्याला बारीक नळी जोडून टाकीतल्या पॉवरहेडच्या (छोट्या बुडत्या पंपाच्या) व्हेंचुरीने, म्हणजे वाहत्या पाण्याने हवा खेचणाऱ्या तोंडाने, हवा ओढू? व्हेंचुरी वापरणाऱ्यांची ती नळी किती दिवसांत चोंदते?