प्रदेशनिष्ठ, स्थानिक आणि गावठी

प्रश्न: कोकणातल्या झाडाझुडपांबद्दल वाचताना 'प्रदेशनिष्ठ' हा शब्द सारखा भेटतो. म्हणजे देशी किंवा गावठीच ना?

उत्तर: नाही. जी जात ठरावीक प्रदेशातच आपसूक वाढते, जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही, ती प्रदेशनिष्ठ. 'इथलीही' नव्हे, 'इथलीच'. आपल्या खाड्यांतली तिवरं इथली मूळचीच, पण ती आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंत उगवतात. त्यांना स्थानिक म्हणावं.

'गावठी'चा निकष तर वेगळाच आहे. गावठी काजू म्हणजे बी रुजून वाढलेला, कलमी नसलेला. काजू मुळात ब्राझीलकडचा, पोर्तुगीजांनी आणलेला. तरी तो गावठी असतोच, आणि त्यात चूक काही नाही. किनाऱ्यावरचा सुरू आणि डोंगरउतारावरची रानमोडीही बाहेरचीच.

'निष्ठा' ऐकून इमान आठवतं, पण इथलं 'निष्ठ' हे वस्तुनिष्ठ, व्यक्तिनिष्ठ यांतलं आहे: त्यावर आधारलेलं, त्यातच असलेलं.

नेमकं उदाहरण हवं तर कोकण दीपकाडी. पावसाळा सुरू झाला की कातळसड्यावरच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावरच्या, चार बोटं मातीतून तिचे कंद फुटतात आणि सरळ दांड्यावर पांढरी, नळीसारखी फुलं येतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, एवढंच तिचं जग. बाहेरून बघणाऱ्याला सडा ओसाड वाटतो. तो 'पडीक' म्हणून जांभ्यासाठी खणला, तर तिला जायला दुसरी जागाच नाही. तिवरांचं एका खाडीत नुकसान झालं तरी जात उरते, हिचं तसं नाही. एवढ्यासाठी 'प्रदेशनिष्ठ' आणि 'स्थानिक' हे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत.

वापरताना प्रदेश सांगावाच लागतो. मलबारी राखी धनेश हा पक्षी पश्चिम घाटाचा प्रदेशनिष्ठ. कोकणाचा म्हणता येणार नाही, तो केरळातही आहे. उलट शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी सापडला. २०२० साली तो नवी जात म्हणून जाहीर झाला, २०२१मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ ठरली. प्रदेश इतका लहानही असू शकतो.

'कोकणातली प्रदेशनिष्ठ वनस्पती' असं लिहिलं की ती कोकणात आढळते एवढंच कळतं. तिची हद्द कोकणच की सगळा पश्चिम घाट, ते कळत नाही. म्हणून मी 'कोकणापुरती प्रदेशनिष्ठ' किंवा 'पश्चिम घाटापुरती प्रदेशनिष्ठ' असं लिहितो.