गॅस बंद आणि कोथिंबीर वड्या

सेक्रेटरी (ए-१०२): आठवण. पाइप गॅसच्या लाइनचं काम असल्याने आज सकाळी १० ते दुपारी ४ दोन्ही विंगचा गॅस बंद राहील.

मेघना (बी-४०३): मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची ती ब्राउनिंग प्लेट कोणी वापरतं का? दिवाळीत ऑनलाइन घेतली होती, आज पहिल्यांदा खोक्यातून काढली. कोथिंबीर वडीचे उंडे काल उकडून ठेवलेत आणि तळायला गॅस नाही. प्लेटवर वड्या मांडल्या, कडेने तेल सोडलं, ८ मिनिटं लावलं. रंग जसाच्या तसा, वरून चामट. सासूबाई म्हणाल्या, "परत उकडल्यास का गं?"

नाईकवहिनी (ए-५०१): मायक्रोवेव्हला खमंगपणा जमत नाही हो. मी त्यात दूध, भात आणि पापड, बस. पापडही फुलतो छान, पण निखाऱ्यावरचे डाग काही येत नाहीत.

रोहन (ए-३०४): एअर फ्रायर घ्या ना ताई

मेघना (बी-४०३): साडेअकरा वाजलेत रोहन. दीडला पाहुणे येतायत.

देशपांडेकाका (बी-२०१): मेघना, प्लेट आधी रिकामी तापवलीस का?

मेघना (बी-४०३): नाही काका. रिकामा मायक्रोवेव्ह चालवायचा नसतो ना?

देशपांडेकाका (बी-२०१): इथेच गडबड झाली. प्लेट उलटी करून बघ, खाली काळपट रबरासारखा थर आहे?

मेघना (बी-४०३): आहे. मला वाटलं घसरू नये म्हणून लावलाय.

देशपांडेकाका (बी-२०१): छे. सगळी किमया त्या थराचीच. त्या रबरात फेराइटची, म्हणजे लोखंडाच्या एका चुंबकीय संयुगाची पूड असते. ती लहरी शोषते आणि वरचा पत्रा तव्यासारखा तापतो, साधारण दोनशे अंशांपर्यंत. म्हणून ही प्लेट आत असली की मायक्रोवेव्ह रिकामा नसतो.

आता तुझ्या वड्यांचं. मायक्रोवेव्ह मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतो, आणि पाणी आहे तोवर पारा १०० च्या पुढे सरकत नाही. खरपूस रंग यायला १४० च्या वर जावं लागतं. प्रथिनं आणि साखर यांची ती क्रिया. मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली, आपल्या आज्या त्याला खमंग भाजणं म्हणायच्या. त्यात आतली हवा गार, म्हणजे वडीतून निघालेली वाफ वडीवरच बसते. तू गार प्लेटवर ओल्या वड्या मांडल्यास. प्लेट तापायच्या आत वड्यांनीच लहरी खाल्ल्या आणि स्वतःला वाफवून घेतलं. सासूबाईंचं निदान अगदी बरोबर आहे.

नाईकवहिनी (ए-५०१): मग शेंगदाणे कसे भाजतात काका? मी कुटासाठी मायक्रोवेव्हमध्येच भाजते. बाहेरून पांढरट दिसतात आणि फोडला की आतून तांबूस.

देशपांडेकाका (बी-२०१): वहिनी, छान पकडलंत. दाण्यात पाणी थोडं, तेल भरपूर. पाणी उडालं की तो १०० वर अडून राहत नाही. वरची बाजू गार हवेला लागून, म्हणून रंग आतून आधी चढतो. बाहेरून पांढरा दिसतोय म्हणून अजून अर्धा मिनिट लावला की काळा ठिक्कर.

नाईकवहिनी (ए-५०१): जाळलेत एकदा. पाव किलो.

स्मिता (बी-१०४): माझ्याकडे काचेचा सेट आहे, खोक्यावर 'मायक्रोवेव्ह कुकवेअर' लिहिलंय. त्यात येईल का रंग?

देशपांडेकाका (बी-२०१): नाही. साध्या काचेतून लहरी आरपार जातात. काच तापते ती आतल्या पदार्थामुळे. 'मायक्रोवेव्ह सेफ' म्हणजे भांडं टिकेल एवढंच.

रोहन (ए-३०४): पण पॉपकॉर्नच्या पाकिटात तर कागदच असतो

देशपांडेकाका (बी-२०१): नीट बघ, खालच्या बाजूला एक करडा चौकोन असतो. अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. तो तापतो. आपल्या प्लेटचाच धाकटा भाऊ.

मेघना (बी-४०३): काका, माझं काय करू ते सांगा ना, पावणेबारा झाले.

देशपांडेकाका (बी-२०१): प्लेट पुसून रिकामी ठेव, हायवर ५ मिनिटं. पुस्तिकेत कमी दिलं असेल तर तेवढंच. तोवर वड्या पातळ काप, स्वच्छ फडक्याने टिपून कोरड्या कर आणि तेल वडीला चोळ. प्लेट काढताना जाड हातमोजे घाल, ओट्यावर न ठेवता लाकडी पाटावर ठेव. वडी टेकवताक्षणी चर्र झालं पाहिजे. नाही झालं तर वड्या उचल आणि प्लेट परत तापव. एका वेळी सात-आठच, दाटी केलीस की पुन्हा वाफ. ३ मिनिटं, मग उलट. आणि हो, ही प्लेट कधी गॅसवर चढवू नकोस, खालचं रबर जाईल.

कदम (बी-३०२): बी विंगची लाइट गेली का?

सेक्रेटरी (ए-१०२): नाही. तुमच्या घरातला एमसीबी बघा. इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका.

कदम (बी-३०२): एकाच बोर्डवर होते. आली.

मेघना (बी-४०३): चर्र झालं!!

मेघना (बी-४०३): खालची बाजू मस्त, तीळ पण तांबूस झालेत, कडा कुरकुरीत. उलटल्यावर दुसऱ्या बाजूला जेमतेम रंग. आणि जाडी तशीच पिवळी.

देशपांडेकाका (बी-२०१): प्लेटला टेकेल तिथेच रंग. आणि पहिली बाजू होईपर्यंत प्लेटची बरीच धग वडीने ओढून घेतलेली असते, दुसऱ्या बाजूला उरलंसुरलं.

मेघना (बी-४०३): सासूबाईंचा निकाल: एका बाजूने वडी, दुसऱ्या बाजूने ढोकळा. पाहुण्यांनी मात्र ताट रिकामं केलं.

नाईकवहिनी (ए-५०१): तांबूस बाजू वर करून वाढल्या असशील.

मेघना (बी-४०३): अर्थात.

सेक्रेटरी (ए-१०२): काम लवकर आटोपलं. गॅस सुरू झाला आहे. शेगडी लावण्याआधी खिडक्या उघडा.

मेघना (बी-४०३): उरलेला एक उंडा आता कढईत तळला. काका, दोन्ही प्रकारच्या चार-चार पाठवतेय, तुम्हीच सांगा.

देशपांडेकाका (बी-२०१): तळलेल्या पाठवू नकोस, डॉक्टरांनी दोन वर्षांपासून बंद केलंय. मी ती प्लेट उगीच घेतली का? ढोकळ्याच्याच पाठव.