विंच राहू द्या, आधी कंप्रेसर

पहिल्या डेझर्ट ड्राइव्हसाठी गाडीला विंच (दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) बसवावा का, असं एकाने विचारलंय म्हणून लिहितो. नकोच. शारजाच्या वाळवंटात, अल बदायरच्या वाळूत विंचचा दोर अडकवायला झाड कुठून आणणार? शेवटी दुसरी गाडीच ओढून काढते. त्यामुळे एकट्याने उतरायचं नाही, मग गाडी लँड क्रूझर का असेना.

खरे पैसे कंप्रेसरवर, म्हणजे टायरमध्ये हवा भरायच्या पंपावर घाला. डांबरी रस्त्यावरची ३५ पीएसआय हवा वाळूत १५च्या आसपास आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी तरंगत जाते. सोडायला काडीही पुरते हो, भरायचं काय? मी लायटरच्या सॉकेटवर चालणारा स्वस्तातला पंप नेला होता. दुसऱ्याच टायरला फ्यूज उडाला. भर उन्हात चाकाशेजारी उकिडवा बसलेलो, आणि बायको गाडीतून विचारतेय, "झालं का?" बॅटरीला थेट चिमटे लावायचा घ्या. कमी हवेत झटक्यात वळू नका, टायर रिमवरून निघतो.

ओढायचा पट्टा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीच अडकवू नका. तो बॉल तुटला तर गोळीसारखा येतो. पट्टा अडकवायचा गाडीचा हूक घरीच शोधून ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो सुटा असतो आणि डिकीत स्टेपनीपाशी पडलेला असतो.

बाकी फावडं, उंच झेंडा (टेकडीपलीकडच्याला आपण दिसायला हवं ना) आणि वाटेल त्याच्या दुप्पट पाणी. रूफ रॅक, दिव्यांच्या माळा वगैरे फोटोपुरतं, नंतर बघा.