व्हर्लेमध्ये ऊर्जा जागेवर, पण झोका पुढे पळतोय

तापीकाठ (भुसावळ)
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याचं संगणकावर मॉडेल केलंय. दोर ४ मीटर, कोन लहान धरून समीकरण रेषीय, आवर्तकाल ४.०१ सेकंद. वेलॉसिटी व्हर्ले (जागा आणि वेग थोड्या थोड्या वेळाच्या पायऱ्यांनी काढत जाणारी पद्धत), पायरी ०.०६४ सेकंद. ऊर्जा पाव टक्का खाली जाते, परत वर येते. हजार झोक्यांनंतरही तेवढंच. पण अचूक उत्तराशी ताडलं तर झोका जवळपास अर्धी फेरी पुढे! बग आहे का? पायरी आपोआप लहान-मोठी केली तर भागेल? पुढे निंबाच्या एकाच लवत्या फांदीला दोन झोके टांगायचेत, मोठ्या कोनांसह.

पांझराकाठ (धुळे)
बग नही शे भाऊ. व्हर्ले तुमचा हॅमिल्टोनियन (एकूण ऊर्जेचं सूत्र, ज्यातून गती ठरते) सोडवतच नाही, त्याच्या शेजारचा सोडवतं. कोनीय वारंवारता गुणिले पायरी याला म म्हणू; तुमच्याकडे म = ०.१. एककं जुळवून घेतली की जपलं जातं ते वेगाचा वर्ग + (१ − म²/४) × विस्थापनाचा वर्ग. म²/४ म्हणजे ०.००२५, हाच तुमचा पाव टक्का. तो वाढत नाही. वारंवारता मात्र म²/२४ ने जास्त पडते, आणि ते साचत जातं: ०.०००४१७ × १००० = ०.४२ झोका, साधारण १.७ सेकंद. ऊर्जेचा आलेख बघून फेजची (झोका फेरीत कुठे आहे याची) चूक कधीच कळणार नाही.

मोठ्या कोनांना असं सूत्र हाताशी नसतं. तिथे अर्ध्या पायरीने पुन्हा चालवा. दोन्ही उत्तरांतला फरक × ४/३ म्हणजे मोठ्या पायरीची चूक. इथे फरक ०.३१३ येईल, त्यावरून ०.४१७. पण सुधारलेला आकडा फक्त अहवालात. तो प्रत्येक पायरीला गणितात परत घातलात की सिम्प्लेक्टिकपणा (ऊर्जा दीर्घकाळ जागेवर ठेवणारा पद्धतीचा गुण) गेला.

चूक किती याचा अंदाज घेऊन पायरी आपोआप बदलू नका. दर पायरीला शेजारचा हॅमिल्टोनियन वेगळा होतो आणि आज जागेवर असलेली ऊर्जा सरकायला लागते.

सातपुडा पायथा (शहादा)
चूक मोजून झाली, आता ती काढून टाकू. त्वरण आहे त्या जागी काढा, मग जागा + (पायरी²/१२) × त्वरण इथे पुन्हा काढा. वेगाच्या दोन्ही अर्ध्या धक्क्यांना हे दुसरं त्वरण वापरा. जागा स्वतः हलवायची नाही, फक्त त्वरण तिथलं घ्यायचं (इथेच बरेच जण घोळ घालतात). पुढच्या पायरीचा पहिला धक्का तेच त्वरण घेतो, ते साठवून ठेवा. वारंवारतेची चूक म⁴/७२० वर येते, खालच्या बाजूला: हजार झोक्यांत ०.०००१४ झोका. खर्च दुप्पट. त्याच खर्चात नुसती पायरी अर्धी केली असती तर चूक ०.१०४ झोका राहिली असती. ऊर्जेची म² च्या प्रमाणातली, न वाढणारी थरथर मात्र उरते. ती शेवटच्या निकालावर वेगळी दुरुस्ती लावल्याशिवाय जात नाही.

पांझराकाठ (धुळे)
दोन झोक्यांना एक अडचण. मूळ ताकाहाशी-इमादा पद्धत (१९८४) स्थितिज ऊर्जेतूनच तिच्या ग्रेडियंटच्या (उताराच्या) वर्गाचं पद वजा करते, त्यासाठी हेसियन (दुसऱ्या अवकलजांची सारणी) लागतो. वरची युक्ती, म्हणजे तिचंच सोपं रूप, तो टाळते. एकच झोका असेल, किंवा सगळं रेषीय असेल, तर सरकवलेलं बलही कुठल्या तरी स्थितिज ऊर्जेचंच असतं, चिंता नाही. मोठे कोन आणि लवती फांदी एकत्र आली की ते तसं राहत नाही, आणि दीर्घकाळात ऊर्जा सरकू शकते. हेअरर, मॅकलाखलन आणि स्कील यांनी २००९ मध्ये हेच तपासलंय. तेव्हा क्षणाक्षणाची ऊर्जा नको, दर शंभर झोक्यांची सरासरी काढा. ती एका दिशेने चढायला लागली तर हेसियन लिहून काढा. फांदीची हालचाल वेगळी धरली नाही, तर दोन झोक्यांना तो २ × २ चाच आहे.